जुना कॅमेरा घेताय? वरची चमक नको, आतली झीज बघा

नेकनूर (ता. जि. बीड) : तुळशीचं लग्न झालं की नेकनूर, लिंबागणेश, येळंबघाट, चौसाळा या पट्ट्यात लग्नाचे मांडव उभे राहायला लागतात. त्याच सुमारास आणखी एक व्यवहार जोर धरतो. फोटोग्राफीचा धंदा करू पाहणारी गावाकडची पोरं जुना कॅमेरा शोधायला लागतात. पैसा असतो सोयाबीनचा, नाहीतर घरच्यांनी कुठून तरी उचललेला. कॅमेरा चांगला निघाला तर एका हंगामात पैसे फिटतात. ऐन हळदीत बंद पडला तर पैसे जातातच, शिवाय गावात नाव जातं ते वेगळंच. वरमाला काही दुसऱ्यांदा घालता येत नाही.

एवढे जुने कॅमेरे आले कुठून?

२०२० च्या सुरुवातीला निकॉनने डी७८० आणि कॅननने ८५०डी हे डीएसएलआर बाजारात आणले. त्यानंतर दोन्ही कंपन्यांचा भर मिररलेस कॅमेऱ्यांवर गेला. शहरातले स्टुडिओही तिकडे वळले आणि त्यांचे डीएसएलआर विक्रीला निघाले.

हे कॅमेरे टाकाऊ नाहीत. २४ मेगापिक्सलचा डीएसएलआर १२ बाय ३६ च्या अल्बमला आजही पुरतो. दुसरीकडे, डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरी नवा कॅमेरा आणि चांगली लेन्स मिळून खर्च लाखाच्या घरात जातो. म्हणून जुना घेण्यात चूक काहीच नाही. चूक होते ती किंमत वरच्या चमकीवर ठरवण्यात.

क्लिकचा हिशेब

ट्रॅक्टर घेताना माणूस आधी तास बघतो. कॅमेऱ्याचे तास म्हणजे शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले तो आकडा. शटर हा हलणारा भाग आहे, तो झिजतो. कंपन्या त्याची अंदाजे क्षमता सांगतात. कॅनन ८०डी आणि ६डी साठी १ लाख, निकॉन डी७५० साठी दीड लाख क्लिक.

आता हिशेब करा. एका लग्नात २ हजार क्लिक आणि हंगामात ३० लग्नं धरली तर ६० हजार क्लिक होतात. म्हणजे १ लाखाचं शटर दोन हंगामही पुरत नाही. आकडा ओलांडला की कॅमेरा लगेच मरतो असं नाही, शटर बदलताही येतं. पण तो खर्च आधीच किमतीतून वजा करायला हवा.

निकॉनच्या आणि सोनीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच लपलेला असतो आणि ऑनलाइन वाचता येतो. मात्र फोटो समोर काढलेला आणि मूळ फाइलच हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून पडते. कॅननच्या बहुतेक डीएसएलआरचा आकडा कॅमेरा कॉम्प्युटरला जोडून किंवा सर्व्हिस सेंटरवर बघावा लागतो.

पण आकडा अर्धीच गोष्ट सांगतो

डीएसएलआरवर तासभर व्हिडिओ काढला तरी शटर काउंट जेमतेम वाढतो. सेन्सर आणि बॅटरी मात्र तापत राहतात. त्यामुळे व्हिडिओवाल्याचा कॅमेरा कागदावर कमी चाललेला दिसतो. ‘फक्त घरगुती वापरलाय’ असं सांगितलं, पण फ्लॅश बसवायची पट्टी घासून पांढरी पडलीय आणि पकडायचं रबर सुटलंय, तर कॅमेरा धंद्यात राबलेला समजावा.

दुसरा शत्रू आपल्याच कार्यक्रमांत असतो. हळद, गुलाल, भंडारा यांची बारीक पूड बटणांत आणि लेन्सच्या खाचांत जाऊन बसते. पावसाळ्यात बॅगेत बंद राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते.

हातात घेतल्यावर काय बघायचं?

- लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स घेऊ नये.
- एफ/१६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून बघा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते. ओरखडा मात्र जात नाही.
- लेन्सचं झाकण लावून थोडा लांब एक्स्पोजर द्या. लाल-निळे चमकते ठिपके भरपूर दिसले तर सेन्सर थकलाय.
- वीस मिनिटं सलग व्हिडिओ चालू ठेवा. गरम होऊन बंद पडतो का, आवाज नीट येतो का, ते कळेल.
- बॅटरी फुगली आहे का, ती सहज निघते का, कार्डच्या खाचेतल्या पिना सरळ आहेत का, तेही तपासा.
- जवळचा, लांबचा आणि कमी उजेडातला फोकस तपासा.

बिल नाही तर व्यवहार नाही

बिलावरचा सिरियल नंबर आणि कॅमेऱ्याखालचा नंबर जुळलाच पाहिजे. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असूनही घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. स्वस्तात मिळाला हे तिथं उत्तर होत नाही.

‘मी जवान आहे, बदली झालीय, आधी थोडे पैसे टाका’ असं फोनवर सांगून लुबाडण्याचा प्रकारही जुनाच आहे. कॅमेरा हातात आल्याशिवाय पैसे टाकू नयेत. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करावा.

या व्यवहारात विकणाऱ्याला सगळं माहीत असतं आणि घेणाऱ्याला काहीच नसतं. नुकसान होतं ते तिथंच. म्हणून जाताना जाणता फोटोग्राफर सोबत न्यावा, दिवसाउजेडी बघावं आणि आठ दिवसांत दोष निघाला तर परत घेण्याचं लिहून घ्यावं. जो विकणारा तासभर तपासू देत नाही, त्याच्याकडून स्वस्तातही घेऊ नये.