दर संघ ठरवतो, पण एसएनएफ गव्हाणीत ठरतो

ऊसपट्ट्यातल्या कुठल्याही गावात सकाळी दूध संकलन केंद्रावर उभं राहा, एकच तक्रार ऐकू येते. एसएनएफ लागला नाही, दर कापला. दराचं दुखणं खरंच आहे. २०२४ मध्ये सरकारनं गाईच्या दुधाला लिटरमागं आधी ५ आणि नंतर ७ रुपये अनुदान दिलं, पण त्यालाही ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफची अट होती. म्हणजे ज्याची गाय अर्धपोटी, त्याला दरातही मार अन् अनुदानातही.

अर्धपोटी म्हटलं की लोकांना राग येतो. "दोन भारे वाढं टाकतो की!" पोट भरतं, पण त्यातून गाईला लागतं ते मिळत नाही. वाढ्यात प्रथिनं कमी आणि ऑक्झलेट असतं, ते अंगातला कॅल्शियम बांधून ठेवतं. कारखाने चालू असताना वाढं फुकटात मिळतं म्हणून तीन-चार महिने तेवढंच घालायचं, ही आपली जुनी खोड. घालाच, पण चुन्याची निवळी शिंपडून, आणि सोबत घास, कडबा पाहिजे. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रणही द्या. ऊर्जा कमी पडली की एसएनएफ उतरतो, आणि चोथा कमी पडून पेंड जास्त झाली की फॅट उतरते.

दुसरी चूक पेंडीची. दहा लिटरवाली आणि आटलेली, दोघींना सारखंच पाटीभर. साधा हिशेब असा: अंगासाठी एक ते दीड किलो, वर अडीच लिटर दुधामागं एक किलो. दहा लिटरला पाच-साडेपाच किलो झाली. गाभण गाईला शेवटचे दोन महिने मात्र हात आखडू नका, पुढचं वेत त्यावरच आहे. पाणी तर फुकटच आहे, तरी दिवसातून दोनदाच दाखवतात. दुधात ८७ टक्के पाणी असतं, ते येणार कुठून?

दोन गाईवाल्याला चाऱ्याला रान कुठून, हा प्रश्न रास्त आहे. पण १० गुंठे मक्यातून साधारण ५ टन हिरवा चारा निघतो. रोज २० किलोनं दोन गाईंचे चार महिने निघतात. कणीस चिकात असताना कापायचा, इंचभर कुट्टी करायची, बॅगेत दाबून हवा काढायची आणि ४५ दिवस तोंड उघडायचं नाही. अडचण कुट्टी यंत्राची येते. चार-पाच घरांनी मिळून ते भाड्यानं आणावं. संघानंही कपातीचा कागद हातात देण्याआधी मुरघासाच्या बॅगा पुरवाव्यात, दूध त्यांनाच जातं ना?

बांधाला राहुरी विद्यापीठाच्या फुले जयवंत गवताची ठोंबं लावली तर तीही दीड-दोन महिन्याला कापणीला येतात. मका दिवाळीच्या आसपास पेरला तर कारखाने बंद होऊन वाढं संपेल तेव्हा बॅग उघडायला तयार असते.