विश्लेषण : प्राण्यांच्या जोड्या जुळवून मुलांची स्मरणशक्ती वाढते का?

प्राण्यांची चित्रे असलेले पत्ते उलटे मांडायचे, एका वेळी दोन उघडायचे आणि सारखी जोडी शोधायची. मोबाइलवर हा निवांत खेळ अनेकदा ‘मेंदूचा व्यायाम’ म्हणून खपवला जातो. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगराळ तालुक्यांतल्या शाळांना त्याचा उपयोग किती?

स्मरणशक्ती खरेच वाढते?
कोणता पत्ता कुठे होता, हे थोडा वेळ ध्यानात ठेवावे लागते. सरावाने मूल त्या खेळात तरबेज होते. पण तेवढ्याने अभ्यासातली स्मरणशक्ती सुधारते, याला भक्कम पुरावा नाही. मेंदूच्या खेळांच्या ‘ल्युमॉसिटी’ या अ‍ॅपवर अमेरिकेत निराधार दाव्यांचा आरोप झाला. २०१६ मध्ये कंपनीने २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले.

मग वर्गात उपयोग काय?
इथली अनेक मुले घरी वारली, कोकणा, कातकरी बोलतात. पाठ्यपुस्तके मात्र प्रमाण मराठीत असतात. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवायला सांगते. २०२१ चे ‘निपुण भारत’ अभियान खेळातून शिकण्यावर भर देते. चित्र ओळखायला अक्षरओळख लागत नाही. वाघदेव पुजणाऱ्या वारली घरातल्या मुलाला वाघ वेगळा शिकवावा लागत नाही. त्याला हवा असतो पुस्तकातल्या भाषेशी जोडणारा दुवा.

मोबाइलच हवा का?
नाही. पुठ्ठ्याच्या पत्त्यांना ना रेंज लागते, ना चार्जिंग. जोडी जुळली की त्या प्राण्याचे नाव आधी घरच्या बोलीत, मग मराठीत म्हणायचे, एवढा एकच नियम वाढवला तरी पुरे.