पाणी कोण मारणार?

जत तालुक्यात घर बांधायला निघालेल्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे, "सामानासह ठेका देऊन टाका, चौरस फुटाचा दर ठरवा आणि किल्ली घ्या." दुसरा, "ठेकेदाराच्या घशात कशाला घालता? स्वतः उभं राहून बांधा, पैसे वाचतील." मी दुसऱ्या सल्ल्याच्या बाजूचा आहे. पण त्यातले कारण मला पटत नाही, म्हणून आधी आपल्याच वाफ्यातले तण काढतो.

स्वतः बांधल्याने पैसे वाचतीलच याची काही खात्री नाही. वर्षाला चार-पाच घरे उभी करणाऱ्या ठेकेदाराला दुकानदार सिमेंट आणि सळई कमी दराने देतो, तीही उधारीवर. आयुष्यात एकदाच घर बांधणाऱ्याला कोण उधार देणार? त्यात खडीची एक खेप जास्त होते, सेंट्रिंगवाला दुसऱ्याच साइटवर अडकतो, तिकडे कर्जाचे व्याज चालूच असते. ठेकेदाराचा नफा वाचला म्हणावे, तर त्यातला बराचसा या वाटांनी निघून जातो. पैशासाठीच स्वतः बांधायचे असेल तर खुशाल ठेका द्या.

आता ठेक्याच्या बाजूचे म्हणणे. दर एकदा ठरला की खर्च ठरला, असे सांगतात. दर ठरतो खरा, पण तो कशाचा? पोर्च, जिना, पाण्याची टाकी, कंपाऊंड त्यात आहे का? जोते किती उंच? फरशी कुठल्या भावाची? हे वहीच्या एका पानावर मावत नाही, आणि आपल्याकडचे बहुतेक करार त्याच पानावर होतात. पुढे 'जादा कामा'ची यादी निघते, तेव्हा घर निम्मे उभे असते आणि मालकाला माघार नसते.

दुसरे म्हणणे जबाबदारीचे. काही बिघडले तर ठेकेदाराला धरता येते, म्हणतात. कायद्याने येते. घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायद्यातली सेवाच आहे. मात्र रेराचा आधार इथे नाही. तो कायदा विक्रीसाठी उभारलेल्या प्रकल्पांचा, आपल्या जागेत आपण बांधून घेतलेल्या घराचा नव्हे. राहता राहिला ग्राहक आयोग. त्यासाठी सांगलीच्या खेपा घालायच्या आणि पुराव्याला ते वहीचे पान! शिवाय ज्या कामात खोट असते ते तोवर मातीखाली किंवा प्लास्टरखाली गेलेले असते.

माझा खरा मुद्दा इथून सुरू होतो, आणि जतमध्ये तो पाण्याचा आहे. इथली बांधकामे उन्हाळ्यात निघतात. द्राक्ष-बेदाण्याचा पैसा हाती येतो आणि पावसाआधी स्लॅब टाकायची घाई असते. त्याच दिवसांत गावोगाव टँकरची वाट पाहणे चालू असते. काँक्रीटला मात्र तेव्हाच पाणी हवे. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकाप्रमाणे कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट किमान १० दिवस सतत ओले राहिले पाहिजे. बाजारात सर्रास मिळणारे पीपीसी सिमेंट असेल तर ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवावी, अशी शिफारस आहे. १,००० चौरस फुटांच्या स्लॅबवर आळी करून दोन इंच पाणी उभे करायचे तर एका भरणीला सुमारे ४,७०० लिटर लागतात, आणि मे महिन्याचे ऊन ते रोज पिते. कॉलमला गोणपाट गुंडाळून भिजवायचे ते वेगळेच.

सामानासह ठेक्यात हा टँकर ठेकेदाराच्या खिशातून येतो. चौथ्या दिवशी स्लॅब वरून टणक दिसतो आणि ठेकेदाराची माणसे पुढच्या साइटवर गेलेली असतात. पाणी बंद केले तर त्याचा फायदा आजच होतो. नुकसान काही वर्षांनी, ओल झिरपून सळई गंजायला लागली की दिसते, आणि ते सोसणारा दुसराच असतो. माणूस वाईट असावा लागत नाही, व्यवहारच तसा आहे. पाणी कुठले आणले हेही मालकानेच पाहायचे. खारट बोअरचे पाणी काँक्रीटमध्ये कालवले तर सळईचा गंज आपण स्वतःच आत भरला.

यावर उत्तर येते, मालक साइटवर असतोच कुठे? कोणी ऊसतोडीला, कोणी गलाईच्या धंद्यात परमुलखात, कोणी फौजेत. आक्षेप खरा आहे, पण घरात दुसरे कोणी नसते का? किल्लारीचा १९९३ चा भूकंप आठवा. ५२ गावे नव्या जागी वसवली. याखेरीज शेकडो गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः करायचे, असे ठरले. अनुदान हप्त्याने त्यांच्या खात्यात आले, इंजिनिअर तपासायला आले आणि गावातल्या बायकांनी बचत गटांच्या बळावर माहिती घरोघर पोचवली. २००१ च्या भूकंपानंतर गुजरातनेही मुख्यतः हाच मार्ग धरला. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचा नियमही तोच आहे. १ लाख २० हजार रुपये लाभार्थ्याच्या खात्यात, घर त्याने स्वतः बांधायचे, ठेकेदार नेमायचा नाही. व्यवहारात कितीतरी घरकुले ठेक्यानेच होतात, ही गोष्ट निराळी.

स्वतः म्हणजे मनाने मात्र नव्हे. गवंड्याच्या अंदाजाने सळई टाकणे आणि मोबाइलवर पाहून कॉलम सरकवणे हे ठेक्याहून वाईट. इंजिनिअरकडून आराखडा घ्या. पाया भरण्याआधी आणि स्लॅबची सळई बांधून झाल्यावर त्याला साइटवर आणा, त्या फेऱ्यांचे पैसे द्या. गवंडी, सेंट्रिंग, बिगारी यांचा ठेका मजुरीवर द्या. एकट्या घराच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्यावर जीएसटी नाही, सामानासह दिला आणि ठेकेदार नोंदणीकृत असला तर १८ टक्के. सळई वजन करून घ्या. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब कांब साधारण १०.६ किलो भरली पाहिजे. आणि माल पातळ करायला कोणी जादा पाणी ओतू लागला तर हात धरा. एम-२० प्रतीच्या मिश्रणात सिमेंटच्या एका पोत्याला ३० लिटरची मर्यादा आहे.

इतके करूनही सामानासह ठेकाच द्यायचा असेल तर द्या, पण पाणी ठेक्यातून बाहेर काढा. टँकर तुमचा, मोटार तुमची, पाणी मारणारा माणूस तुमचा, आणि १४ दिवस पुरे होईपर्यंत स्लॅबच्या बिलातली काही रक्कम तुमच्याकडे. एवढे करारात लिहून घ्या.