कब्रस्तानाचा सातबारा

कुर्ल्यात स्थायिक झालेला कोकणी मुसलमान गावच्या मशिदीच्या नव्या मिनारासाठी आनंदाने पावती फाडतो. देणगीदारांच्या नावांची फरशीही भिंतीवर बसते. त्याच गावात, वस्ती उठून गेलेल्या जुन्या मोहल्ल्यामागे, करवंदीच्या जाळीत त्याच्या पणजोबांची पिढी झोपली आहे. तिथे कबरी किती, कोणाच्या, जमिनीचा गट नंबर कोणता, हे मात्र त्याला ठाऊक नसते. मिनाराला आमचा विरोध नाही. पण ही बेपर्वाई आम्हाला मान्य नाही.

या बेपर्वाईला दीनचा आधार देणारेही आहेत. 'कबरी पक्क्या करणे मना आहे, मग त्या मोजता कशाला?' असे ते विचारतात. कबर साधी असावी, हे आम्हीही मानतो. पण वहीत नाव लिहिणे म्हणजे कबरीवर घुमट बांधणे नव्हे. साधी ठेवा म्हणजे हरवू द्या, असा अर्थ कोणी काढला?

भारतातील युरोपियनांच्या पडक्या कबरी आणि त्यांवरचे लेख नोंदवण्यासाठी 1976 साली इंग्लंडमध्ये खास संस्था स्थापन झाली. राज्य गेल्यावरही ते लोक हजारो मैलांवरून हिशेब ठेवतात. आपल्याला मंडणगड-म्हसळ्याचे एका रात्रीच्या एस.टी.चे अंतर जड जाते!

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. 2025 च्या दुरुस्तीने वक्फ कायद्यातून 'वापराने झालेला वक्फ' ही कल्पना पुढील काळासाठी काढून टाकली. आधी नोंद झालेल्या अशा जमिनी वाचल्या, पण त्यांतूनही वादातल्या आणि सरकारी म्हटल्या गेलेल्या वगळल्या. 15 सप्टेंबर 2025 च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीला स्थगिती दिली नाही. गावोगावची लहान कब्रस्ताने बहुधा वापरानेच झालेली. दानपत्र कोणी लिहिले होते? या कायद्यावर टीका जरूर करावी, आम्हीही करतो. पण नुसत्या निषेधसभेने कागद तयार होत नाही.

काम अवघड नाही. रानात जांभ्याचे दोन दगड उत्तर-दक्षिण रेषेत उभे दिसले, तर थांबावे. मयताचे डोके उत्तरेला आणि तोंड पश्चिमेला, किबल्याकडे असते. दगड हलवू नये, मुळे उपटू नयेत. कबरी मोजाव्यात, विहीर किंवा पऱ्यापासूनचे अंतर लिहावे, मोबाइलवर अक्षांश-रेखांश घ्यावेत. कतब्याचे छायाचित्र सकाळच्या तिरप्या उन्हात काढावे, म्हणजे झिजलेली अक्षरे उठून दिसतात. गावातल्या म्हाताऱ्यांकडून नावे उतरवून घ्यावीत. मग सातबारा, फेरफार आणि गावनकाशा काढावा. जमीन पोटखराबा 'ब' मध्ये दफनभूमी म्हणून दाखवली आहे की कोणाच्या खासगी नावावर चढली आहे, ते तिथेच कळते.

इथे आमच्या पेशाचा संबंध येतो. उर्दू शाळेत शिकलेला मुलगा कतबा वाचतो. 1300 हिजरी म्हणजे इसवी सन 1882-83, हे त्याला सांगता येते. पण सातबाऱ्यापुढे तो अडतो. मराठी शाळेतला सातबारा वाचतो आणि कतब्यापुढे मुका होतो. उर्दू की मराठी, यावर आपण वर्षानुवर्षे भांडलो. पणजोबांची कबर शोधायला दोन्ही लागतात.

म्हणून कुर्ल्यातल्या प्रत्येक गावच्या जमातीकडे आमची मागणी आहे: चंद्याच्या वहीशेजारी कब्रस्तानाची एक वही ठेवा. मेच्या सुट्टीत दोन्ही शाळांची मुले सोबत घेऊन गावी जा, आणि पावसाने रान माजण्याआधी पहिले पान भरा.