जाहिरात हंगामापुरती, ओळख बारमाही

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये, सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये, तिथल्याच हळदीला 2018 मध्ये आणि मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इतकी नावाजलेली उत्पादने असलेल्या सातारा-सांगलीच्या व्यावसायिकांनी ऑनलाइन प्रसिद्धीचा सगळा पैसा गुगलच्या जाहिरातींवर घालवणे मला चुकीचे वाटते. त्यातला मोठा वाटा स्वतःच्या वेबसाइटवर, म्हणजे गुगलला पैसे न मोजता शोधनिकालात वर येण्याच्या तयारीवर (एसईओ) खर्च व्हायला हवा.

गुगलने 2000 साली सुरू केलेली जाहिरातसेवा आज लिलावावर चालते. बोलीची रक्कम आणि जाहिरातीचा दर्जा यांवर जागा ठरते आणि प्रत्येक क्लिकचे पैसे द्यावे लागतात. ‘महाबळेश्वर हॉटेल’ अशा शब्दांसाठी बुकिंग कंपन्याही बोली लावतात, तेव्हा पाचगणीतल्या लहान लॉजमालकाचा त्यांच्यापुढे टिकाव लागणे कठीण. शिवाय पैसे थांबले की जाहिरातही थांबते. दुष्काळी माण-जतच्या माणसाला टँकर आणि विहीर यांतला फरक सांगावा लागत नाही. इथेही तोच फरक आहे: जाहिरात म्हणजे टँकर, वेबसाइट म्हणजे विहीर. बिगरजाहिरात निकालांतली जागा गुगल विकत नाही. तिथे उपयुक्त, अस्सल माहितीला महत्त्व असते. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद कशी साठवत, राजापुरी हळद कशी ओळखावी, तानपुऱ्यासाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे कसे निवडतात, हे इथल्या माणसाइतके नेमके कोण लिहू शकेल? मराठीत आणि इंग्रजीत, स्वतःच्या छायाचित्रांसह लिहिलेले असे पान वर्षानुवर्षे गिऱ्हाईक आणू शकते.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. शोधनिकालात वर यायला महिने लागतात आणि स्ट्रॉबेरी तोवर थांबत नाही. आक्षेप रास्त आहे, म्हणूनच स्ट्रॉबेरीच्या तोडणीत किंवा कास पठारावरच्या फुलांच्या दिवसांत जाहिरात जरूर द्यावी. फक्त तिची मुदत आणि मर्यादा आधी ठरवावी. दुसरा आक्षेप असा की, गुगल आता एआयने तयार केलेले उत्तर वरच देते, मग वेबसाइट उघडणार कोण? काही क्लिक कमी होतील, हे मान्य. पण ती उत्तरेही वेबवरच्या माहितीवरच उभी असतात, आणि खरेदीसाठी विक्रेत्यापर्यंत यावेच लागते. तिसरा आक्षेप खर्चाचा. एसईओ फुकट होत नाही, हे खरे. म्हणूनच तो खर्च पारखून करावा; पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत, कारण अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, असे खुद्द गुगल सांगते.

नव्या व्यवसायाने सुरुवातीला जाहिरातीवर अधिक खर्च करावा. मात्र कोणत्या शब्दांवरून खरी मागणी आली याची नोंद ठेवून त्याच शब्दांवर पाने लिहावीत आणि दरवर्षी जाहिरातीचा वाटा घटवावा. एकट्याला न झेपणारे हे काम शेतकरी उत्पादक कंपन्यांनी एकत्र येऊन करावे. मानांकन सामूहिक असते, तर त्याची इंटरनेटवरची ओळखही सामूहिक खर्चातून उभी राहायला हवी.