बेसचा बॉक्स बनवा, पण गल्लीचा भोंगा करू नका

जयंती जवळ आली की वस्तीत प्लायवूड येते. भाड्याच्या डीजेवर पैसे घालवण्यापेक्षा बेसचा बॉक्स आपणच बनवू, तोही हॉर्नचा, असा पोरांचा बेत असतो. आपली पोरे सुतारकाम, वायरिंग आणि हिशेब हाताने शिकतात याचे आम्हाला कौतुकच आहे. आमचे म्हणणे एवढेच की, बॉक्सचा आराखडा काढताना शेजारच्या घरातली झोप आणि कानही मापात धरा.

हॉर्नचे तत्त्व सोपे आहे. स्पीकरपुढे अरुंद सुरू होऊन रुंद होत जाणारी नळी असली की त्याचा जोर हवेला नीट लागतो. साधा बॉक्स विजेची जेमतेम एक-दोन टक्के ताकद आवाजात बदलतो. बाकीची उष्णता होते. चांगला हॉर्न तेवढ्याच विजेवर १० डेसिबलपर्यंत जास्त आवाज देऊ शकतो. साध्या बॉक्सला त्यासाठी दहापट वीज लागेल. मात्र बेसची लाट लांब असते. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटरची, आणि नळी तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे सात फूट लागते. म्हणून ती बॉक्समध्ये घड्या घालून बसवतात.

तरीही हॉर्नचे तोंड लहान पडते. ती उणीव भिंती भरून काढतात. अमेरिकेतील पॉल क्लिप्श यांचा १९४६ पासून बनत आलेला क्लिप्शहॉर्न खोलीच्या कोपऱ्यातच ठेवतात. दोन्ही भिंती त्याच्या हॉर्नचा पुढचा भाग होतात. आता आपली गल्ली डोळ्यांपुढे आणा. दोन्ही बाजूंना भिंती आणि मध्ये सहा-आठ फूट जागा. तिथे बॉक्स ठेवला की अख्खी गल्लीच हॉर्न होते. त्या भिंतींच्या आत बाळंतीण असते, रक्तदाबाचे आजोबा असतात, रात्रपाळी करून आलेली बाई झोपलेली असते. खोल बेस पत्र्याने अडत नाही, दार लावूनही अडत नाही.

मोबाईलवर मोजून 'आवाज मर्यादेत आहे' असे सांगितले जाते. पण नेहमीचे 'ए' माप ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबल कमी धरते. छाती हादरते, आकडा मात्र छोटा दिसतो. शिवाय बेसखाली बोलणे दबते, म्हणून माईक आणि वरचे भोंगे वाढवतात. कानाला मोठी इजा होते ती त्यांनी. कामगारांसाठी ८५ डेसिबलला आठ तास, १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे अशी सुरक्षित मर्यादा मानतात. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा दडा बसला, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. कानात तेल घालू नका.

म्हणून तरुण मित्रांनो, हॉर्न बनवायचाच तर वीज वाचवण्यासाठी बनवा. मोठा अ‍ॅम्प्लिफायर लावू नका. ६० हर्ट्झपर्यंतच उतरा. साडेचार-पाच फुटांची नळी पुरते. त्याखालचे सूर फिल्टरने कापा, नाहीतर स्पीकरचा कोन बेसुमार हलून स्पीकरच खराब होतो. बॉक्स गल्लीत नको, मैदानात ठेवा आणि तोंड मोकळ्या बाजूला करा. कापाकापी घराबाहेर, नाकाला मास्क लावून करा. लाकडाचा भुसा फुफ्फुसांना वाईट. लहान मुलांना बॉक्सपुढे नाचू देऊ नका.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे. पोलीस येण्याची वाट कशाला पाहायची? आपल्या मंडळानेच दहाला बटण बंद करावे. जयंतीचे भाषण शेवटच्या रांगेतल्या आजीला शब्दन् शब्द ऐकू यावे आणि त्या रात्री तान्हे बाळही शांत झोपावे. या दोन्ही गोष्टी साधणारा बॉक्स बनवणाऱ्या पोरालाच आम्ही खरा कारागीर म्हणू.