उसाची पोथी आणि शेतकऱ्याचे बेणे

उत्तर प्रदेशात सन २००९ मध्ये प्रसारित झालेला 'को ०२३८' हा उसाचा वाण पाहता पाहता तेथील बहुतांश ऊसक्षेत्र व्यापून बसला. उतारा चांगला, साखरही चांगली; शेतकरी व कारखानदार दोघेही संतुष्ट. पुढे लाल कूज या रोगाच्या बुरशीचा एक नवा प्रकार उद्भवला आणि गेल्या काही वर्षांत हाच वाण फडाफडांतून मोडून काढण्याची पाळी आली. ऊस बेण्यापासून लावला जातो. एका डोळ्यापासून निघालेले लाखो ऊस अंतर्यामी एकच असतात. म्हणून जो रोग एकाला जिंकतो तो सर्वांना जिंकतो. महाराष्ट्रातही 'को ८६०३२' व 'कोएम ०२६५' अशा मोजक्याच वाणांवर मोठी भिस्त आहे, हे येथे विसरून चालणार नाही.

अशा वेळी उसाचा डीएनए वाचण्याच्या नव्या पद्धतीकडे केवळ प्रयोगशाळेतील कौतुक म्हणून पाहणे योग्य नव्हे. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली पोथी. ती वाचण्याच्या जुन्या सुधारित पद्धतीत शे-दोनशे अक्षरांचे तुकडे करून ते वाचीत आणि मग जुळवीत. भाताचे यात भागले. उसाचे भागले नाही, आणि त्याला कारणही तसेच आहे. कोइमतूर येथे १९१२ साली स्थापन झालेल्या ऊस पैदास केंद्रात बार्बर व वेंकटरामन यांनी गोड, जाड उसाचा संकर रानटी काटक उसाशी केला आणि १९१८ मध्ये 'को २०५' शेतकऱ्यांच्या हाती दिला. आजचे बहुतेक वाण अशाच संकरांचे वंशज होत. परिणाम असा की, आधुनिक उसात शंभराहून अधिक गुणसूत्रे असतात व एकाच जनुकाच्या आठ-दहा, कधी बारा प्रती सापडतात. त्याही थोड्याफार पाठभेदाच्या. एकाच भजनाच्या दहा हस्तलिखित वह्या फाडून त्यांचे कपटे एकत्र केले, तर ध्रुवपदाचा कोणता कपटा कोणत्या वहीतला, हे कोण सांगणार?

नवी पद्धत कपट्यांऐवजी पानेच्या पाने वाचते. एका प्रकारात डीएनएचा धागा सूक्ष्म छिद्रातून ओढला जातो आणि विजेच्या प्रवाहातील चढउतारांवरून अक्षरे ओळखली जातात. लाखो अक्षरांचा धागाही यात सलग वाचता येतो. दुसऱ्यात दहा-वीस हजार अक्षरांच्या तुकड्याचे कडे करून त्याचे वारंवार पारायण केले जाते, त्यामुळे वाचनातील चुका बव्हंशी नाहीशा होतात. प्रारंभी या लांब वाचनात चुका फार असत आणि पुष्कळ शास्त्रज्ञांनी त्याची उपेक्षा केली, हेही खरे.

मनुष्याच्या डीएनएचे वाचन २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले होते. तरी सुमारे आठ टक्के भाग २०२२ पर्यंत कोरा होता, तो लांब वाचनाने भरला. त्याच वर्षी अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील वैद्यांनी आनुवंशिक विकाराचे निदान ७ तास १८ मिनिटांत केल्याचे प्रसिद्ध झाले. रुग्णालयास याचे महत्त्व उघडच आहे.

शेतीच्या दृष्टीने मात्र २०२४ साल अधिक मोलाचे. रियुनियन बेटावरील 'आर ५७०' या उसाची सुमारे दहा अब्ज अक्षरांची पोथी त्या वर्षी बव्हंशी लावून झाली. या वाणात तपकिरी तांबेऱ्यास तोंड देणारा 'ब्रू-१' नावाचा गुण आहे, हे १९९६ पासून ठाऊक होते. तो कोणत्या जनुकांत आहे, हे मात्र अठ्ठावीस वर्षे हाती लागत नव्हते. लांब वाचनानंतर शेजारी-शेजारी असलेली दोन जनुके त्याचे संभाव्य मूळ म्हणून पुढे आली. जगातील कितीतरी तांबेराप्रतिकारक वाण या एकाच गुणावर विसंबून आहेत. दाराला एकच कडी आहे हे समजले, म्हणजे दुसरी कोठे बसवावी याचा विचार करता येतो.

तथापि यंत्र खरेदी झाले की काम झाले, असा समज जो काही ठिकाणी दिसतो, तो घातक आहे. पोथी लावता आली तरी तिचा अर्थ फडातच लागतो. कोणत्या वाणावर कोणत्या साली किती तांबेरा पडला, खोडव्यात फुटवे किती आले, पाण्याचा ताण कोणी सोसला, याच्या नोंदी पाडेगावसारख्या संशोधन केंद्रांच्या वह्यांतून वर्षानुवर्षे साठत आल्या आहेत. त्या नोंदी ठेवणाऱ्या कृषी साहाय्यकाची जागा रिक्त ठेवून त्या पैशांत यंत्र आणणे म्हणजे विहीर खणून मोट विकणे होय. संकरापासून नवा वाण प्रसारित होईपर्यंत बारा-पंधरा वर्षे लागतात. जनुकांचे ज्ञान ती निवड लवकर करण्यास साहाय्य करील, फडातील चाचणीची जागा घेणार नाही. शिवाय परदेशी वाणाची पोथी वाचून आपल्या वाणांचे गुणदोष पुरते कळत नाहीत. भारतीय वाणांचेही तितक्याच बारकाईने वाचन व्हावयास पाहिजे आणि तो खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा, कारण बेणे एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे सहज जाते आणि खाजगी भांडवलाला त्यात फारसे स्वारस्य नसते.

फळ मिळण्यास इतकी वर्षे थांबावे लागेल असेही नाही. पूर्व आफ्रिकेत टांझानिया, युगांडा व केनिया येथे २०१७ नंतर मुठीत मावेल असे वाचनयंत्र घेऊन शास्त्रज्ञ कसाव्याच्या शेतावर गेले आणि पानांतील विषाणू ओळखून शेतकऱ्यास कोणते बेणे लावू नये ते सांगू लागले. बुरशीची पोथी उसाच्या मानाने अगदीच लहान असते. लाल कूज प्रामुख्याने बेण्यातूनच पसरते, आणि बाहेरून निरोगी दिसणाऱ्या कांडीतही ती दडलेली असू शकते. मूलभूत, पायाभूत व प्रमाणित या तीन टप्प्यांच्या बेणेमळ्यांपैकी निदान पहिल्या टप्प्यावर, बेणे तोडण्यापूर्वी, अशी तपासणी सुरू करण्यास हरकत नसावी. मूलभूत मळे थोडे असतात. तेथील नमुनेही मोजकेच निघतील.